चूलबंद आवतण

सुखाला मराठीत नेमका कोणता शब्द योजावा, हे विचारायला पुण्याहून एक तरुणी बारामतीला माझ्याकडे आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद आज आठवला तरी संताप येतो.

ती एका संशोधन संस्थेत काम करत होती. जगातल्या अनेक देशांत एकाच वेळी एक पाहणी चालली होती. राष्ट्राची श्रीमंती मोजल्याने तिथली माणसे नांदती आहेत की नाहीत हे कळत नाही, हे त्या पाहणीमागचे सूत्र. म्हणून उत्पन्न, कारखाने, रस्ते हे सारे बाजूला ठेवायचे. माणसाला माणसाचा आधार किती, शेजाऱ्यावर भरवसा किती, मान किती, हे विचारायचे आणि त्यावरून देशादेशांची तुलना करायची. आपल्याकडे त्यासाठी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली काही गावे निवडली होती : सांगवी, कोऱ्हाळे, बावडा आणि आणखी काही. प्रश्न इंग्रजीतून आले होते. ते चुलीपाशी बसलेल्या बाईला समजावेत आणि तरी अर्थाने ढळू नयेत, असे मराठी करून हवे होते. मी हयातभर शाळेत संस्कृत शिकवले, म्हणून कोणीतरी माझे नाव सुचवले असावे.

आम्ही माझ्या ओसरीवर कित्येक सकाळी शब्द पारखत बसलो. सुख वेगळे, समाधान वेगळे. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे मिळालेले टिकणे. बोलता बोलता मी तिला सांगितले की, जुन्या धर्मशास्त्रात खुशाली कशी विचारावी याचाही नियम आहे. ब्राह्मण भेटला तर कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य.

तिने ते कौतुकाने टिपून घेतले. म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे हे आधीपासूनच मोजत होते."

"मोजत नव्हते," मी म्हणालो, "वाटून देत होते. ज्याने राबायचे त्याचे हातपाय धड आहेत ना, एवढीच विचारपूस. आणि जे या चौघांच्याही पलीकडे राहत, त्यांना काय विचारावे याला तिथे शब्दच दिलेला नाही."

ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. मीही वळलो. देवघरात रोज पहाटे मी सर्वांच्या सुखाची प्रार्थना म्हणतो. त्या 'सर्व' शब्दाचा खरा हिशेब आता जगभर मांडला जातो आहे आणि त्यात आपली चार अक्षरे लागत आहेत, यात मला धन्यता वाटत होती.

पाहणीच्या गावांत कालव्याकाठचे एक गाव होते. त्याचे नाव मी लिहिणार नाही. लिहिले तर शेजारची गावे हे आपल्याबद्दल नव्हेच, असे समजून निश्चिंत होतील, आणि तेवढा दिलासा मला त्यांना द्यायचा नाही. त्या गावात माझे एक स्नेही राहतात. पाटबंधारे खात्यात अभियंता होते. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली. निवृत्त झाल्यावर पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन ते गावी परतले आणि बौद्धवस्तीच्या तोंडाशी त्यांनी घर बांधले. गाव त्यांना साहेब म्हणते. गावची पाणीयोजना मंजूर करून आणली ती त्यांनी. पाइपलाइन कुठून जावी हे उन्हातान्हात उभे राहून दाखवले तेही त्यांनीच. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. तिच्याइतके निर्दोष संस्कृत उच्चार मी फार थोड्या मुलांच्या तोंडी ऐकले आहेत.

त्या वैशाखात तिचे लग्न ठरले. आईचे म्हणणे होते की बारामतीत कार्यालय घ्यावे. वडिलांचे म्हणणे, मुलगी गावातूनच जाईल. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा हा वाद रंगात होता.

"गुरुजी, तुम्हीच सांगा यांना," वहिनी म्हणाल्या. "कार्यालयात कोण जेवलं, कोण नुसतं तोंड दाखवून गेलं, गर्दीत कळत नाही. हितं मंडप घातला की समदं उघडं पडतं. जन्मभर कालव्याचं पाणी मोजलं यांनी, पण गाव काय मोजता येईना."

साहेब हसले. "गाव बदललंय, गुरुजी. परवा मीटिंगला पाटलाच्या शेजारी खुर्ची होती माझी."

"खुर्ची दिली," वहिनी म्हणाल्या. "पान कुठं दिलं?"

मुलगी वडिलांच्या बाजूची होती. त्यामुळे मंडप गावात पडला, आणि साहेबांनी साऱ्या गावाला चूलबंद आवतण दिले.

आमच्या भागात आवतणाचे प्रकार असतात, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. एक माणशी आवतण : घरटी एकाने यावे. दुसरे चूलबंद : घरातली लहानथोर सगळी, सुना, पाहुणे, पाळण्यातले पोरसुद्धा, सर्वांनी यावे, त्या वेळी त्या घरी चूल पेटायची नाही. आवतण देणारा आपली ऐपत दाखवत नाही, नाते मागत असतो. आणि घेणाऱ्याने मान हलवून "व्हय" म्हटले की त्याने शब्द दिला. त्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटली, तर त्याने देणाऱ्याच्या तोंडावर दार लावले असे समजावे. हे न लिहिलेले शास्त्र गावातले शेंबडे पोरही जाणते.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ती तरुणी पाहणीसाठी त्या गावात आली. सोबत मी होतो. देवळाच्या पारावर वडीलधारी मंडळी बसलेली. तिने टॅब काढला आणि एका आबांना प्रश्न विचारला, माझ्याच शब्दांत : गावातली माणसे एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होतात का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?

"आता ह्ये काय विचारनं झालं व्हय?" आबा म्हणाले. "गाव हाय ह्ये, पुनं न्हाय. तुमच्यात शेजारी मेल्याला वास सुटल्यावर कळतंय."

पारावर हशा पिकला. तीही हसली.

"लिवा, नेहमी," आबा म्हणाले. "आमच्यात भेदभाव न्हाय, ताई. त्ये मागं हुतं, आता न्हाय. आता ह्येच बगा, म्होरल्या आठवड्यात साहेबांच्या पोरीचं लगीन हाय. समद्या गावाला चूलबंद आवतण हाय. हाय का न्हाय, गुरुजी?"

"आहे," मी म्हणालो.

"आन् आमी व्हय म्हनलंय."

पारावरच्या प्रत्येकाने 'नेहमी' असेच उत्तर दिले. भरवशाच्या प्रश्नालाही, मानाच्या प्रश्नालाही. परतताना तरुणी गाडीत म्हणाली, "काका, युरोपातल्या श्रीमंत देशांतसुद्धा इतकी ठाम उत्तरं मिळत नाहीत." मला ते ऐकून बरे वाटले होते.

लग्नाला मी आणि माझी पत्नी सकाळीच गेलो. त्रिशरण-पंचशील झाले, पांढऱ्या साडीत मुलगी फार तेजस्वी दिसत होती. साहेबांनी कोणाला न जेवण्याचे निमित्त ठेवले नव्हते. स्वयंपाक पूर्ण शाकाहारी. आचारी तेच, जे देवळाच्या सप्ताहाला दर वर्षी सारा गाव जेवू घालतात; पातेलीसुद्धा देवळाचीच, भाडे भरून आणलेली. पुरी, शाकभाजी, मसालेभात, बुंदी, मठ्ठा. देवळापुढे ज्या हातचे अन्न गाव मिटक्या मारत खातो, त्याच हातचे.

गावातले पुरुष आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले. पुढच्या खुर्च्यांवर बसले, टॉवेल-टोपीचा मान घेतला, आहेराचे पाकीट दिले, फोटोत उभे राहिले. आणि पंगत मांडली गेली तसे एकेक उठले.

"आज गुरवार हाय, साहेब, उपास."

"शुगर वाढलीया. डॉक्टरनं बाहेरचं बंद केलंय."

"येतो की. जरा मोटर बंद करून येतो."

बायका तर आल्याच नव्हत्या. पंगतीला बसले ते वऱ्हाडी, वस्तीतले लोक, साहेबांचे पुण्याचे सहकारी आणि आम्ही दोघे. बाकीच्या पत्रावळी वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचे ग्लास ठेवले होते. माझी पत्नी हलक्या आवाजात म्हणाली, "दुसरं बोलावणं पाठवायला हवं."

पाने मांडली की घरोघर पुन्हा जाऊन "चला" म्हणावे लागते. त्यालाच दुसरे बोलावणे म्हणतात. साहेब म्हणाले, "मी जातो." वरबाप किंवा वधूपिता स्वतः बोलावण्याला निघत नाही, त्यासाठी भाऊबंद असतात. पण ते निघाले, आणि त्यांना एकट्याला जाऊ देणे मला जमले नाही.

आम्ही वस्ती मागे टाकून गावात शिरलो. दुपारचे ऊन भिंतींवरून परतून अंगावर येत होते. पहिल्या घरापाशी साहेबांनी हाक मारली, आणि आतून प्रेशर कुकरची शिटी झाली.

मी ती शिटी अजून विसरलेलो नाही. पूर्वी धूर दिसायचा. आता घराघरांत गॅस आला, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही, पण झाकून काहीच राहत नाही. पुढच्या घरात फोडणी चुरचुरली, लसणाचा वास गल्लीत आला. त्याच्या पुढच्या घरात कोणी भाकरी थापत होते. आम्ही दारात उभे राहत गेलो आणि प्रत्येक दारात तेच.

"चला, पानं मांडलीत."

"व्हय व्हय, तुमी व्हा म्होरं. आलोच."

साहेब हात जोडत आणि पुढच्या दाराकडे वळत. प्रत्येक वेळी हात तितक्याच वर जोडत. मला वाटत होते की त्यांनी आता थांबावे. वाटत होते की ओरडावे. ते ओरडणारे नव्हते. पाणी सोडण्याच्या पाळीवरून शेतकरी अंगावर धावून आले तरी ज्याचा आवाज चढला नाही, तो माणूस.

शेवटी एका ओट्यावर एक म्हातारी भेटली. तिने आम्हाला बोलू दिले नाही.

"आरं, कशाला उन्हात फिरतुयास?" ती साहेबांना म्हणाली. "तू लई चांगला हायस. पानी आनलंस, समद्यास्नी ठावं हाय. पर आमच्या सुना न्हाय यायच्या. आन् म्या बी न्हाय. जा, पोरीपाशी बस."

"बरं, म्हातारे," साहेब म्हणाले.

ती एकटीच खरे बोलली, म्हणून तिला क्षमा करावी असे मला कोणी सुचवले, तर मी करणार नाही. खरे बोलून तिने चूल विझवली असती तर गोष्ट निराळी होती. आतून तिच्याही घरात भांड्याला भांडे लागत होते. ज्याने आणलेल्या पाण्याने त्या दिवशी सगळ्या गावाची डाळ शिजली, त्याच्या मांडवात त्या गावाला एक पुरी गिळवत नव्हती. आणि हेच लोक सप्ताहात टाळ कुटतात. सर्वांभूती भगवंत म्हणतात. मी जन्मभर ज्या परंपरेला हात जोडले, तिच्यातला भगवंत यांच्या उंबऱ्यापाशी येऊन उपाशी परत जातो, हे यांच्या गावीही नसते.

मांडवात परतलो. आचारी मसालेभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होता. आमच्याकडे पाहून तो पुटपुटला, "हात त्येच हायती साहेब, पातेलीबी तीच. म्या काय बोलनार." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

निघताना मुलगी वडिलांच्या पाया पडली आणि तिने विचारले, "बाबा, गाव जेवलं?"

"समदं गाव जेवलं, बाळा," ते म्हणाले.

वहिनींनी मान फिरवली. गाडी गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती तरुणी पुन्हा गावात आली. या फेरीत घरे चिठ्ठी टाकावी तशी निवडली जात, आणि साहेबांचे घर निवडले गेले होते. घरातून एकच माणूस उत्तरे देणार, तोही त्याच पद्धतीने ठरणार. यंत्राने साहेबांनाच निवडले. मी मुद्दाम हजर राहिलो. मला वाटले, आता तरी या पाहणीला एक खरे उत्तर मिळेल, आणि त्यासाठी माझे शब्द कामी येतील.

तिने विचारले, "गावातली माणसे एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होतात का?"

साहेबांनी विचारही केला नाही. "नेहमी," ते म्हणाले.

"अडचणीत भरवसा ठेवावा असे गावात कोणी आहे?"

"सगळं गाव."

"साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "गुरुजी, पाहुणी आलीय घरी. चहा होऊ द्या."

तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "ताई, माझं लिहा. माझं उत्तर न्हाय. कधीच न्हाय."

तरुणी गोंधळली. टॅबवर बोट तसेच धरून म्हणाली, "काकू, एका घरातून एकच उत्तर घेता येतं. दुसरं घेतलं तर बाकीच्या देशांशी तुलना जमत नाही."

"मग यांचं खोडा आन् माझं लिहा."

"तसं नाही करता येत."

त्या वेळी माझा तोल गेला. मी त्या मुलीला म्हणालो, की ज्या मोजमापात या बाईचे 'नाही' मावत नाही, ते मोजमाप घेऊन तुम्ही कोणत्या तोंडाने राष्ट्रांची तुलना करता? तुमच्या आधीचे लोक पैसा मोजत होते. पैसा निदान खोटे बोलत नाही. तुम्ही माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवलात, आणि आमच्याकडे जीभ पाहुण्यापुढे घराची अब्रू राखायला असते, खरे सांगायला नसते. गावाला विचारता गाव चांगले आहे का? गाव काय सांगणार? कोणाच्या घरी कोण जेवते, एवढा एक प्रश्न विचारला असता तर तुमचे सगळे प्रश्न फाडून टाकावे लागले असते.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती वाईट मुलगी नव्हती. तिच्यावर ओरडून काही साधणार नव्हते, हे मला ओरडतानाही कळत होते. साहेब उठले, त्यांनी तिला पाणी दिले आणि मला अंगणात नेले.

"काय हे, गुरुजी? परक्या पोरीपुढं गावाची लाज काढायची?"

"त्यांनी तुमची काढली."

"ते आमचं आमच्यात हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि पोरीला सांगितलंय मी, गाव जेवलं म्हणून. एकदा तिला एक सांगायचं आणि हितं दुसरं लिहायचं? उद्या छापून आलं, कुठं वाचलं तिनं, मग? तिला सासरी सुखानं नांदायचंय."

पावसाळा सरल्यावर बारामतीत एका सभागृहात पाहणीचे निष्कर्ष सांगण्याची सभा झाली. पडद्यावर रंगीत पट्ट्या होत्या. एका विद्वानाने सांगितले की उत्पन्नात आपण मागे असू, पण माणुसकीच्या नात्यांत आपल्या या गावांनी कितीतरी धनाढ्य देशांना मागे टाकले आहे. टाळ्या झाल्या. पारावरचे आबा पुढच्या रांगेत होते. त्यांना शाल मिळाली.

मी उभा राहिलो आणि कोणाचेही नाव न घेता चूलबंद आवतणाची ती दुपार सांगितली. मग विद्वान सौम्यपणे म्हणाले, "गुरुजी, आपली कळकळ समजते. पण एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"एका घरावरून नव्हे," मी म्हणालो. "त्या दिवशी ज्या ज्या घरी चूल पेटली, त्या सगळ्या घरांवरून."

आबांनी शाल सारखी केली. सूत्रसंचालकाने आभार मानायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी साहेबांच्या मुलीचा फोन आला. सभेला तिची एक वर्गमैत्रीण होती.

"गुरुजी, तुम्ही बोललात ते आमच्या घराबद्दल होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "मंचावरून पंगती दिसतात."

"मग वडिलांना का विचारलेस, गाव जेवले का म्हणून?"

"विचारलं नसतं, तर त्यांना कळलं असतं की मला दिसलंय." मग ती म्हणाली, "त्यांना सांगू नका. त्यांना वाटू द्या मी खुशीत गेले."

त्या आठवड्यात मी साहेबांकडे गेलो. सभेतले माझे बोलणे त्यांच्या कानी गेले होते. ते रागावतील असे वाटले होते; ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "पोरीच्या कानावर गेलं नाही ना, गुरुजी?"

संस्कृत वाचून केस पांढरे झालेला मी, सत्यावर प्रवचने दिलेला मी, त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "नाही."

त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी आत हाक देऊन माझे पान वाढायला सांगितले. वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या; त्यांना ते 'नाही' पटले नव्हते हे दिसत होते. मी खाली मान घालून जेवलो. अन्न गोड होते, आणि प्रत्येक घासाबरोबर मला त्या गावाचा राग येत होता.